दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

अमेरिकेचा नकाशा पुढ्यात घ्यावा आणि या देशाच्या पोटातलं सर्वांत मोठं शहर कुठे असायला हवं याचा अंदाज बांधावा, तर नद्यांच्या निळ्या रेघांवरून फिरणारं बोट हमखास एका जागी थांबेल. पूर्वेच्या ॲपलाचियन डोंगरांचं पाणी गोळा करत आलेली ओहायो आणि मिसूरीला पोटात घेऊन उत्तरेकडून उतरलेली मिसिसिपी यांचा इथे संगम होतो. इलिनॉय राज्य इथे संपतं. समोरच्या एका काठावर मिसूरी राज्य, दुसऱ्या काठावर केंटकी. मधल्या चिंचोळ्या जमिनीवर केरो नावाचं गाव आहे. नाव इजिप्तच्या राजधानीवरून घेतलेलं, उच्चार मात्र तिथल्या लोकांनी आपल्या सोयीने केलेला. १९२० साली इथे १५,२०३ माणसं राहत होती. २०२०च्या जनगणनेत १,७३३ उरली.

इतक्या मोक्याच्या जागी शहर हवं तसं का वाढलं नाही आणि जेवढं वाढलं होतं तेही का ओसरलं? केरोचं नाव निघालं की आधी पुराची गोष्ट सांगितली जाते. पुराचा वाटा आहेच. पण या गावाचा दोनशे वर्षांचा हिशेब मांडला की नदीच्या नावावर टाकलेलं बरंचसं देणं माणसांचं निघतं, असं माझं मत आहे.

आधी जमीन पाहू. वस्तीची जागा दोन अंगांनी तपासावी लागते: भोवतालच्या मुलखाशी आणि वाटांशी ती कशी जोडलेली आहे, आणि पायाखालची भुई कशी आहे. केरोला पहिल्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण मिळतात, दुसरीत जेमतेम काठावर. संगमाची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ८५ मीटर उंच, म्हणजे अख्ख्या इलिनॉय राज्यातली सर्वांत सखल. तिथून मेक्सिकोचं आखात नदीच्या वाटेने दीड हजार किलोमीटरहून जास्त दूर. भागाकार केला तर किलोमीटरमागे उतार पडतो पाच-सहा सेंटिमीटरचा. एवढ्याशा उतारावर आलेलं पाणी झटकन निघून जात नाही. ते पसरतं आणि रेंगाळतं. त्यात दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की एकीचं पाणी दुसरीला मागे रेटतं.

कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा उत्तरेला इथपर्यंत घुसलेला होता. पुढे तो गाळाने भरत गेला. मिसिसिपीचं सपाट, गाळाचं खोरं आजही केरोपाशी सुरू होतं आणि दक्षिणेला समुद्रापर्यंत जातं. त्यामुळे गावाखाली पक्का खडक हाती लागत नाही. वरती चिकणमाती आणि तिच्याखाली वाळूचे जाड थर. शिवाय १८११-१२ च्या हिवाळ्यात ज्या भूकंपांनी अमेरिकेचा मध्यभाग हादरवला, ते न्यू माद्रिदही इथून जवळच आहे.

संगमावर उभं राहिलं की पाण्याचे दोन रंग दिसतात. मिसूरीच्या गाळाने तपकिरी झालेली मिसिसिपी आणि तिच्या मानाने हिरवट ओहायो, मिसळायच्या आधी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात. या ठिकाणी सरासरीने जास्त पाणी ओहायोचं असतं. पुढच्या प्रवाहाला नाव मात्र मिसिसिपीचं मिळालं. १८०३च्या नोव्हेंबरात लुइस आणि क्लार्क पश्चिमेच्या मोहिमेवर निघाले असताना याच टोकावर काही दिवस मुक्कामाला होते. अक्षांश-रेखांश मोजण्याचा आणि सर्वेक्षणाचा सराव त्यांनी इथे केला.

या जागेची भुरळ नकाशा वाचणाऱ्यांना पडली, तशी जमीन विकणाऱ्यांनाही पडली. १८१८ साली, इलिनॉयला राज्याचा दर्जा मिळण्याआधीच, बाल्टिमोरच्या जॉन कोमेगिसने आणि त्याच्या भागीदारांनी इथे शहर आणि बँक काढण्याची सनद मिळवली. प्लॉट विकायचे, आलेल्या पैशांतले काही बांध घालायला वापरायचे आणि उरलेले बँकेच्या भांडवलात घालायचे, असा बेत होता. मोठ्या नदीकाठचा सुपीक मुलूख म्हणून नाईलची आठवण काढून नाव ठेवलं केरो. आजूबाजूलाही पुढे थीब्ज आणि कार्नाक अशी गावं झाली आणि दक्षिण इलिनॉयला लोक आजही ‘लिटल इजिप्त’ म्हणतात. कोमेगिस लवकरच वारला आणि बेत बारगळला.

१८३७ मध्ये डेरियस होलब्रूक नावाच्या खटपट्या माणसाने नवी कंपनी उभी केली. लंडनच्या एका पेढीमार्फत त्याने तिचे रोखे विकले. बांध, कारखाने, दुकानं यांची कामं सुरू झाली, मजूर आले. १८४०च्या अखेरीला ती लंडनची पेढी बुडाली आणि केरोतली कामं रातोरात थंडावली. १८४२ साली चार्ल्स डिकन्स आगबोटीने सेंट लुइसकडे जाताना इथून गेला, तेव्हा अर्धवट बांधलेली, कुजायला लागलेली घरं आणि दलदल एवढंच त्याला दिसलं. प्रवासवर्णनात त्याने केरोवर सडकून लिहिलं आणि ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत भोळ्या स्थलांतरितांच्या गळ्यात मारलेलं ‘ईडन’ नावाचं तापाने भरलेलं गाव रंगवलं, तेही याच्यावरूनच असं मानलं जातं. एका गावाच्या नावाला एवढ्या मोठ्या लेखणीचा डाग लागावा, हेही केरोचं दुर्दैवच.

गाव खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते रेल्वेमुळे. इलिनॉय सेंट्रल या रेल्वेला केंद्र सरकारने १८५० साली जमिनी देऊ केल्या. रेल्वेसाठी अशी जमीन देण्याची अमेरिकेतली ती पहिलीच मोठी वेळ. १८५६ मध्ये मार्ग पूर्ण झाला आणि त्याचं दक्षिण टोक केरो ठरलं. उत्तरेकडून गाडीने आलेला माल इथे आगबोटीत चढे आणि न्यू ऑर्लिन्सकडे जाई. १८५८ साली बांध फुटून गाव पाण्याखाली गेलं, तरी लोक परत आले, बांध उंच केले. १८६०च्या जनगणनेत लोकसंख्या होती २,१८८.

पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि नकाशा पुन्हा एकदा खरा ठरला. केरो उत्तरेच्या बाजूचं, पण अक्षांश पाहिला तर दक्षिणेची राजधानी झालेल्या रिचमंडच्याही खाली. शत्रूच्या मुलखात घुसलेली पाचर म्हणावी अशी ही जागा. युद्धाला तोंड फुटल्यावर काही दिवसांतच शिकागोहून फौज इथे पोचली. सप्टेंबर १८६१ मध्ये युलिसिस ग्रँट हा तोवर फारसा कुणाला ठाऊक नसलेला ब्रिगेडिअर जनरल इथे आला आणि त्याने केरोत ठाण मांडलं. ओहायोला येऊन मिळणाऱ्या टेनेसी आणि कंबरलंड या नद्यांवरून वर सरकत त्याने फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनल्सन हे दोन किल्ले घेतले. उत्तरेला मिळालेला तो पहिला मोठा विजय. ग्रँटची कीर्ती तिथून सुरू झाली आणि पुढे तो राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचला.

या मोहिमांसाठी चिलखती युद्धनौका लागत होत्या. त्यांतल्या काही केरोजवळच्या माउंड सिटीत बांधल्या गेल्या. एकीचं नावच ‘केरो’. डिसेंबर १८६२ मध्ये ती मिसिसिपी राज्यातल्या याझू नदीत पाणसुरुंगाने बुडाली, शंभर वर्षं चिखलात पडून राहिली आणि १९६०च्या दशकात वर काढण्यात आली. व्हिक्सबर्गच्या युद्धस्मारकात तिचा सांगाडा ठेवला आहे. जाडजूड लाकडी तुळया आणि त्यांच्यावर ठोकलेले लोखंडी पत्रे जवळून पाहता येतात.

युद्धाने आणखी एक गोष्ट केली, आणि केरोच्या पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ तिच्याशी बांधलेली आहे. दक्षिणेतून सुटलेले हजारो गुलाम नदीच्या वाटेने इथे आले. त्यांच्यासाठी लष्कराने छावणी उघडली. इलिनॉयमध्ये गुलामगिरी नव्हती, पण काळ्या माणसाने राज्यात येऊन स्थायिक होऊ नये असा कायदा १८५३ पासून होता. तो १८६५ मध्ये रद्द झाला. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हक आणि पळून आलेला जिम तराफ्यावरून येतात, तेव्हा त्यांनाही केरोलाच उतरायचं असतं. तिथून ओहायोने वर गेलं की सुटका. धुक्यात ते गाव मागे पडतं आणि तराफा पुन्हा गुलामगिरीच्या मुलखात वाहत जातो. खऱ्या आयुष्यात कितीतरी जण केरोला उतरले आणि तिथेच राहिले. १९००च्या सुमारास गावातली एक तृतीयांशाहून जास्त वस्ती काळ्यांची होती. गोदीवर, रेल्वेत, लाकडाच्या गिरण्यांत राबून हे गाव त्यांनीही उभं केलं.

युद्धानंतरची चाळीसेक वर्षं केरोच्या भरभराटीची. १८७२ साली पिठाच्या व्यापारात गब्बर झालेल्या चार्ल्स गॅलिगरने बांधलेला मॅग्नोलिया मॅनर अजून उभा आहे. दोन्ही नद्यांची ओल आत येऊ नये म्हणून त्याच्या विटांच्या भिंती दुहेरी केल्या आणि मधे हवेची पोकळी ठेवली. पैसा कुठून आला आणि भीती कशाची होती, हे दोन्ही त्या एका भिंतीत दिसतं. ग्रँट १८८० मध्ये इथे पाहुणा म्हणून येऊन गेला. मॅनरच्याच सुमाराची दगडी कस्टम हाउसची इमारत आज संग्रहालय आहे आणि १८८४ चं सॅफर्ड वाचनालय अजूनही वाचनालयच आहे.

याच भरभराटीत ओहोटीचं कारण रुजलं. आगगाडीचे डबे तराफ्यावर चढवून ओहायोपार नेण्याचं काम केरोला पोसत होतं. १८८९ मध्ये इलिनॉय सेंट्रलने ओहायोवर लोखंडी पूल बांधला. चढउताराचे रस्ते धरून त्याची लांबी सुमारे चार मैल, त्या काळातलं नवल. गावाने उत्सव केला. पण पूल झाल्यावर गाडीला केरोत थांबायचं कारणच उरलं नाही. १९०५ मध्ये वरच्या अंगाला थीब्जजवळ मिसिसिपीवर दुसरा रेल्वेपूल झाला आणि आणखी वाहतूक बाजूने निघून गेली. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत मोटारींसाठी दोन्ही नद्यांवर पूल आले, १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५७ चा पूल गावाला वळसा घालून गेला. जी जागा माल उतरवण्याच्या सक्तीवर जगत होती, तिची सक्ती पुलागणिक कमी होत गेली.

तरीही पूल झालेली गावं मरतातच असं नाही. नदीकाठच्या कितीतरी गावांनी दुसरे धंदे शोधले. केरोला ते का जमलं नाही, याचं उत्तर ११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्रीपासून शोधायला लागतं. एका गोऱ्या तरुणीच्या खुनाचा आळ विल्यम जेम्स या काळ्या माणसावर आला. हजारोंच्या जमावाने त्याला शेरीफच्या ताब्यातून ओढून गावात आणलं. मुख्य बाजारातल्या विजेच्या दिव्यांच्या कमानीखाली, सगळे दिवे पेटवून, त्याला फासावर चढवलं. दोर तुटला तेव्हा गोळ्या घातल्या आणि मग प्रेत जाळलं. खटला नाही, साक्ष नाही. त्याच रात्री जमावाने तुरुंगातून एका गोऱ्या कैद्यालाही काढून मारलं. कैदी जमावाच्या हाती लागला तर शेरीफची नेमणूक रद्द व्हावी, असा कायदा इलिनॉयमध्ये १९०५ पासून होता. गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांनी शेरीफला काढलं. त्याला परत घेण्यासाठी जोर लागला तेव्हा निर्भीड पत्रकार आयडा बी. वेल्स केरोला आल्या, लोकांशी बोलल्या, पुरावे जमवले आणि राजधानी स्प्रिंगफिल्डला जाऊन त्यांनी बाजू मांडली. गव्हर्नरांनी शेरीफला परत घेतलं नाही. एका एकट्या बाईने केलेलं हे काम मला केरोच्या इतिहासातलं सर्वांत धीराचं वाटतं.

नदीशी झुंज मात्र गाव जिंकत राहिलं. गावाभोवती बांध आणि काँक्रीटची पूरभिंत आहे, आणि उत्तरेला रस्त्यावर पोलादी दार. पूर आला की ते खाली सोडायचं. मग केरो भिंतीतलं बेट होतं. १९२७च्या महापुरात हे कडं टिकलं. त्या पुरानंतर काँग्रेसने १९२८ साली कायदा केला आणि समोरच्या मिसूरी राज्यात बर्ड्स पॉइंटपासून न्यू माद्रिदपर्यंत पुराच्या पाण्याला सोडून देण्यासाठी एक मोठा पट्टा राखून ठेवला. पाणी अगदीच चढलं तर तिथला बांध मुद्दाम फोडायचा आणि पाणी शेतांवर घ्यायचं. १९३७ मध्ये हा उपाय पहिल्यांदा वापरला. तेव्हा केरोच्या मापपट्टीवर पाणी ५९.५ फुटांवर गेलं होतं.

२०११ मध्ये तो विक्रम मोडला. एप्रिलभर पाऊस आणि दोन्ही नद्या एकदम फुगलेल्या. भिंत ६४ फुटांपर्यंतचं पाणी अडवू शकते, पण खरा धोका भिंतीवरून नव्हता, भिंतीखालून होता. बाहेर पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितका त्याचा दाब जमिनीखालच्या वाळूच्या थरावर. तो दाब बांधाच्या पोटाखालून गावात शिरतो आणि जिथे वरची माती पातळ असेल तिथे पाणी उसळून वर येतं. असे उमाळे गावात फुटू लागले. नुसतं स्वच्छ पाणी येत असेल तोवर ठीक. ते वाळू घेऊन येऊ लागलं की समजावं, बांधाच्या खालची जमीन पोखरली जाते आहे. उमाळा बुजवायचा नसतो; बुजवला तर तो दुसरीकडे फुटतो. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात. आत पाणी साचून उंच झालं की त्याचं वजन खालच्या दाबाला तोलतं, पाणी झिरपत राहतं पण वाळू येणं थांबतं. केरोत अशी मोठमोठी कडी रचावी लागली. गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला.

मिसूरी राज्य बांध फोडण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने हात घातला नाही. २ मेच्या रात्री लष्कराच्या अभियंता दलाने बांधात आधीच बसवलेल्या नळ्यांमध्ये द्रवरूप स्फोटकं भरली आणि बांध उडवला. केरोची पातळी ६१.७२ फुटांवर जाऊन उतरू लागली. पलीकडे सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली. त्यात पिनहूक नावाची काळ्या शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. ती कायमची उठली. केरो वाचलं, पण फुकट वाचलं नाही, हे पिनहूकचं नाव घेतल्याशिवाय सांगू नये.

म्हणजे १९२७, १९३७, २०११ — तिन्ही वेळा गाव पाण्याने बुडालं नाही. ते रिकामं झालं ते दोन पुरांच्या मधल्या कोरड्या वर्षांत.

१९६२ साली केरोत काळ्या मुलांना पोहण्याच्या तलावात येऊ देत नव्हते. तलाव खासगी क्लबचा आहे, अशी सबब होती. त्याविरुद्ध निदर्शनं झाली; तलावासमोर रस्त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्यांत तरुण जॉन लुइस होते, पुढे काँग्रेसचे सभासद झाले तेच. डॅनी लायन यांनी काढलेलं ते छायाचित्र नागरी हक्क चळवळीचं पोस्टर झालं. तलाव सर्वांसाठी खुला करण्यापेक्षा तो बंद करणं गोऱ्या पुढाऱ्यांना बरं वाटलं, आणि पुढे तो काँक्रीटने भरून टाकण्यात आला. दमट उन्हाळ्याच्या गावात, दोन धोकादायक नद्यांच्या मधे, मुलांना सुरक्षित पोहायची जागा गेली. गोऱ्या मुलांचीही गेली.

जुलै १९६७ मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा काळा सैनिक पोलीस चौकीत लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले आत्महत्या. काळ्या वस्तीने ते मानलं नाही. गावात आगी लागल्या, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. ‘व्हाइट हॅट्स’ नावाने ओळखली जाणारी गोऱ्यांची हत्यारबंद फळी उभी राहिली. पिरॅमिड कोर्ट्स या काळ्यांच्या सरकारी वसाहतीवर बांधावरून रात्री गोळ्या झाडल्या जात. पूर अडवायला घातलेला बांध माणसांवर नेम धरायला वापरला गेला. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या नेतृत्वाखाली ‘युनायटेड फ्रंट’ने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती: आमचे पैसे घेता, तर आमच्या माणसांना नोकऱ्याही द्या. बहिष्कार अनेक वर्षं चालला. बऱ्याच दुकानदारांनी काळा नोकर ठेवण्यापेक्षा दुकानाला टाळं लावणं पत्करलं. १९७२ मध्ये केंद्रीय नागरी हक्क आयोगाने केरोत येऊन सुनावण्या घेतल्या. १९६० ते १९७० या दहा वर्षांत लोकसंख्या ९,३४८ वरून ६,२७७ वर आली. एवढी माणसं कुठल्याच पुराने हलवली नव्हती. म्हणून पुराच्या गोष्टीवर मी समाधान मानत नाही.

तेव्हाची ओहोटी थांबलीच नाही. रुग्णालय गेलं. २०१५ मध्ये किराणा मालाचं दुकानही बंद झालं आणि भाजीसाठी पूल ओलांडणं आलं. २०२३ मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचं दुकान सुरू केलं. २०१७ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने एल्मवुड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी वसाहती राहण्यालायक नाहीत म्हणून रिकाम्या करायला सांगितल्या. वर्षानुवर्षं देखभाल न झाल्याने तिथे बुरशी आणि उंदीर माजले होते. सुमारे १८५ कुटुंबांना घरं सोडावी लागली. गावात दुसरी घरं नव्हती, म्हणून बहुतेकांना गावच सोडावं लागलं. मुलं गेली, शाळेचे वर्ग ओस पडले.

नदीवरची वाहतूक मात्र आजही प्रचंड आहे. इथून खाली समुद्रापर्यंत मिसिसिपीवर एकही लॉक, म्हणजे पातळी चढवणारं-उतरवणारं दार नाही. वरच्या बाजूला लॉकमध्ये मावावेत म्हणून बार्जचे ताफे बहुधा पंधरांचे असतात. केरोखाली एकाच बोटीने तीस-चाळीस बार्ज ढकलत नेता येतात. त्यामुळे ताफे सोडायचे आणि नव्याने बांधायचे ते या संगमाच्या आसपासच. धान्य, कोळसा, खत भरलेले बार्ज गावाच्या दोन्ही अंगांनी रात्रंदिवस जात असतात. या वाहतुकीतून काही गावाच्या वाट्याला यावं म्हणून नव्या बंदराची योजना पुढे आली आणि २०२० साली इलिनॉय राज्याने तिच्यासाठी ४ कोटी डॉलर राखून ठेवले.

भूगोलाच्या दृष्टीने ही योजना चुकीची नाही. कोमेगिसने १८१८ मध्ये पाहिलेला नकाशा अजून तोच आहे. पण बंदरात नोकऱ्या निघाल्याच, तर त्या करणाऱ्यांनी केरोत राहायचं, की रोज पूल ओलांडून केंटकी-मिसूरीतून यायचं, हे बंदराच्या आधी ठरायला हवं. एल्मवुड आणि मॅकब्राइडच्या इमारती पाडून टाकल्या आहेत. त्या जागा गावात आहेत, बांधाच्या आत आहेत आणि तिथे घरं बांधता येतात.